करंजवाडीची उलटी शाळा

६ नोव्हेंबर १९७३, जुना जालना

आजची मुलाखत फार उत्तम झाली. औरंगाबादहून परत येताना बसमध्ये उभं राहावं लागलं, माझा टी-स्क्वेअर एका म्हातारीच्या कपाळाला लागला, आणि कंडक्टर ड्रॉइंग बोर्डाकडे बघून म्हणाला, "पाट घेऊन कुठं चाललास, लग्न हाय काय?" तरी मन प्रसन्न होतं.

जागा 'आरेखक व अंदाजक' अशी आहे. म्हणजे इमारतीचा नकाशा काढायचा आणि तिला दगड, चुना, लाकूड किती लागेल त्याचा हिशेब मांडायचा. आयटीआयच्या दोन वर्षांत मी दुसरं केलंय काय? टेबलामागे तीन साहेब होते. मधल्या साहेबांनी सहज विचारलं, "या खोलीला पांढरा चुना मारायचा तर किती लागेल हो?"

बाकीच्या उमेदवारांनी म्हणे नुसतं छताकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते सांगितलं. मी खिशातून टेप काढला. कपाट सरकवायला शिपायाला हात लावायला सांगितला. साहेबांना पाय वर घ्यायची विनंती केली. दारं-खिडक्या वजा केल्या. पुढाऱ्यांच्या तसबिरींमागची भिंत धरायची की सोडायची, असं मी विचारलं तेव्हा उजव्या बाजूचे साहेब रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. प्रश्न त्यांना मनापासून आवडला असावा. माझं उत्तर तयार झालं तोवर तिघंही जेवायला गेले होते, म्हणून ते शिपायाजवळ लिहून दिलं. एवढा वेळ त्यांनी आज दुसऱ्या कोणालाच दिला नाही.

घरी आल्यावर सगळं आक्काला सांगितलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण उषा. मी तिच्याकडेच राहतो. ती पोळी लाटायची थांबली. "भुजंग, तू साहेबाला पाय वर घ्यायला लावलंस?"

"माप चुकत होतं."

दाजी, म्हणजे तिचे यजमान तातेराव, आडतीच्या दुकानात मुनीम आहेत. माणूस अबोल. पण जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, निवड झाली तर मला औरंगाबादेतच राहावं लागेल ना? एकच खोली असल्यामुळे आम्हाला एकमेकांची फार सवय झाली आहे. मी जाणार या विचारानं त्यांना आत्तापासून चुटपुट लागलेली दिसते.

२९ नोव्हेंबर

कार्ड आलं. 'अनुभव नसल्याने निवड होऊ शकत नाही.'

नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. हे मी दाजींना कागदावर गोल काढून समजावून सांगितलं. ते म्हणाले, "समजलं, समजलं. उद्याच एका गुत्तेदाराकडं नेतो तुला." दाजी एखाद्या कामाला इतके जल्दी उठलेले मी प्रथमच पाहिले.

आक्कानं ड्रॉइंग बोर्डावर शेवया वाळत घातल्या होत्या. बोर्डाचा पृष्ठभाग सपाट राहणं किती गरजेचं आहे ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, शेवयांसाठी पण तेच लागतं.

१ डिसेंबर

बद्रीनाथ गुत्तेदारांची, म्हणजे बांधकामाच्या ठेकेदारांची, गाठ पडली. जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागे त्यांची बैठक आहे. सगळी कामं तक्क्याला टेकून करतात. दाजींनी मला पुढे केलं.

"दाखला पायजे का अनुभवाचा? देतो की. किती वर्सांचा लिहू? पाच?"

मी म्हणालो, "माझं वय एकवीस आहे."

"मंग सात लिहू. लहानपनापासून हुशार व्हता म्हनतील."

मी साफ नकार दिला. मला खोटा दाखला नको, खराखुरा अनुभव पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं. गुत्तेदारांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अन् पगार?"

"पगार नको. अनुभव."

ही गोष्ट त्यांना एकदम पटली. ते तक्क्यापासून सरळ होऊन बसले. बदनापूरच्या पलीकडे करंजवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेचं काम त्यांना मिळालंय. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मार्चअखेरपर्यंत काम उभं राहिलं पाहिजे, नाहीतर अनुदान परत जातं. नकाशा, मोजमाप, अंदाज, सगळं माझ्याकडे. आणि योगायोग असा, की करंजवाडीचे सरपंच साहेबराव माझ्या आईच्या माहेरकडून लांबचे मामा लागतात.

"मंग तर घरचंच काम झालं," गुत्तेदार म्हणाले.

१२ डिसेंबर

करंजवाडी पाहिली. पूर्वेला गाव, पश्चिमेला नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती, आणि दोन्हींच्या मधोमध शाळेची मोकळी जागा.

साहेबराव मामांनी मला पाठीवर थाप मारून फिरवलं. "हे बघ भाचेबुवा. व्हरांडा अन् दारं गावाकडं. पाठ तिकडं." तिकडं म्हणजे वस्तीकडे.

मी विचारलं, "मग त्या बाजूची पोरं कशी येतील?"

"येतील की गावातून वळसा घालून. आत्ता बी येतातच."

आत्ता शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरते. गावची पोरं वर ओसरीत आणि वस्तीची पोरं खाली पायरीवर बसतात. त्यांच्या शिक्षिका बेबीनंदाबाई मधल्या पायरीवर उभ्या राहून शिकवतात. बाई तरुण आहेत, मूळच्या जालन्याच्या, स्वतः बौद्ध. वस्तीत रखमाजी म्हणून वडीलधारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे खोली घेऊन राहतात. गावात एवढी घरं असून त्यांना एकही खोली मिळाली नाही म्हणे. खेड्यातसुद्धा खोल्यांची इतकी टंचाई आहे, ही बाब अंदाजपत्रकाच्या दृष्टीनं ध्यानात ठेवली पाहिजे.

बाईंनी मला 'ड्राफ्ट्समनसाहेब' म्हटलं. असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही.

३ जानेवारी १९७४

नकाशा पूर्ण केला. आक्काच्या घराच्या धाब्यावर उन्हात बसून काम केलं. शाळेचा एक ठरीव नकाशा सरकारातून मिळतो, तो पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून घ्यायचा असतो. गुत्तेदारांनी दिलेला नमुना इतका जुना आणि कळकट होता की रेघा दिसेनात. मग मला एक युक्ती सुचली. नमुना पालथा घातला, तर मागच्या बाजूनं रेघा ठळक दिसतात! तसा पालथाच ठेवून सगळ्या रेघा उतरवल्या. अक्षरं उलटी दिसत होती, ती सोडून दिली आणि आज सकाळी माझ्या हातानं सुबक लिहिली. व्हरांडा जिथं होता तिथं 'व्हरांडा', दार जिथं होतं तिथं 'दार', आणि वर उत्तरेचा बाण. पालथ्या नमुन्याची ही युक्ती आयटीआयमध्येसुद्धा कोणी शिकवली नव्हती.

दाजींना दाखवला. "छान," ते म्हणाले. "मंग आता तू करंजवाडीलाच ऱ्हाशील ना काम संपेपर्यंत?"

१७ जानेवारी

आज जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या. मामा हजर नव्हते. त्यांना औरंगाबादला मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी नेलंय, चांगले दीड-दोन महिने तिकडेच लेकीकडे राहणार. तालुक्याचे ओव्हरसियर मोटारसायकलवरून न उतरताच नकाशावर सही करून गेले. इतका विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला.

दुपारी बेबीनंदाबाई पोरांना सोडून बघायला आल्या. चुन्याच्या रेघांभोवती एक चक्कर मारली. मग नकाशा मागून घेतला, मग गावाकडे पाहिलं, मग वस्तीकडे.

"ड्राफ्ट्समनसाहेब, व्हरांडा नाल्याच्या अंगाला येतोय का?"

मी हसलो. "बाई, नकाशा वाचणं हा वेगळा विषय आहे. जमिनीवर उभं राहिलं की दिशांचा भास होतो. नकाशात आहे तेच जमिनीवर आहे. माप तपासून बघा."

"म्हणजे नकाशात आहे ते बरोबर?"

"शंभर टक्के."

बाईंनी नकाशाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "तुमचं शिक्षण झालंय. तुम्हाला जास्त कळतं." आणि गवंड्याला विचारलं, पाया कधी खोदता? तो म्हणाला परवा. त्या म्हणाल्या, उद्याच का नाही?

शिक्षणाबद्दल एवढी तळमळ असलेली बाई मी पाहिली नाही.

९ फेब्रुवारी

भिंती कमरेएवढ्या आल्या. वस्तीतून रोज चहा येतो. रखमाजी स्वतः दगड वाहायला लागतात, मजुरी घेत नाहीत. "आपल्याच शाळंचं काम हाय," म्हणतात. गावातले लोक इकडे फिरकत नाहीत. ज्वारीची काढणी चालू आहे, आणि सरपंच नसताना कोणाला बघायची हौसही नाही.

बेबीनंदाबाई रोज संध्याकाळी येऊन गुत्तेदारांना घाई करतात. गुत्तेदार आज मला म्हणाले, "ही बाई माझ्याकडं मुकादम म्हनून येती का विचार रं." सिमेंटचं परमिट अडकलं होतं. बाई पायी बदनापूरला गेल्या आणि तिथल्या कचेरीत परमिट हातात पडेपर्यंत बसून राहिल्या. त्यांना विचारलं, एवढी घाई का? म्हणाल्या, "अनुदान परत जाईल ना."

खरंच आहे.

१४ मार्च



मामा आज सकाळी परत आले. बैलगाडीत गवताच्या गादीवर पालथे झोपून आले. गाडी शाळेपाशी थांबवायला लावली, दोघांनी धरून उभं केलं. त्यांनी पाहिलं. भिंती पूर्ण, दाराच्या चौकटी बसलेल्या, वर पत्रे चढवायचं काम चालू. समोर सपाट भिंत आणि लहान लहान खिडक्या.

"व्हरांडा कुठंय?"

"मागं आहे, मामा." हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि त्याच क्षणी मला माझंच बोलणं ऐकू आलं. मागं.

मामा काठी टेकत भिंतीच्या कडेनं पलीकडे गेले. तिथं व्हरांडा होता, सुरेख, अगदी मापात, आणि त्याच्या पायरीवर बसून रखमाजी बिडी ओढत होते. त्यांनी अदबीनं बिडी विझवली.

मामा परत आले. आवाज चढवला नाही, बहुतेक टाके दुखत असावेत. "भाच्या. माझ्या गावाला तू शाळंचं ढुंगन दाखिवलंस."

मी नकाशा काढला. सरकारी नमुना काढला. दोन्ही एकावर एक ठेवून उन्हात धरले. जुळेनात. नमुन्यात व्हरांडा पूर्वेला, माझ्या नकाशात पश्चिमेला. मग नमुना पालथा केला. तंतोतंत जुळले.

भिंतीवर हात ठेवला. दीड हात जाडीच्या दगडी भिंती. रेघ असती तर खोडली असती.

१५ मार्च

ताप आल्यासारखं वाटतंय. गुत्तेदार जालन्याहून धावत आले. म्हणाले, "ओव्हरसियरचा हुकूम व्हता म्हनून सांग. सही हाय त्येची." मी म्हणालो, हुकूम नव्हता, माझी चूक होती. ते म्हणाले, "चूक कबूल करनारा मानूस म्या या धंद्यात पाहिला न्हाई. तुला कोन नोकरी देईल रं?"

खरंच, आता कोण देईल? आई-बापांनी शेतीतून एक पोरगा मोकळा केला, त्यानं पहिल्याच इमारतीची पाठ पुढं आणि पुढची बाजू मागं केली. दाजींना काय सांगू? रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

१७ मार्च

आज गावसभा झाली. मामांना बसता येत नाही, आणि सरपंच उभे असताना बाकीच्यांनी बसायचं कसं, म्हणून सगळी सभा उभ्यानंच झाली. अर्धे गावचे, अर्धे वस्तीचे, मध्ये मी.

मी मनाची तयारी करून आलो होतो. नमुना आणि नकाशा दोन्ही उन्हात धरून सगळ्यांना दाखवले. पालथा नमुना, सुलटा नमुना. माझी चूक कशी झाली ते पहिल्यापासून सांगितलं.  

मग गावातला एक जण म्हणाला, "काय नाटकी हाय!"

"खरं सांगतोय!"

"कागद उलटा धरला म्हनं! दोन सालं आयटीआयमंदी काय कागद धरायला गेल्ता का?"

मामा माझ्याकडे एकटक बघत होते. "भुजंगा, तू वेंधळा हायेस हे तुझ्या आईनं मला सांगितलं व्हतं. पर येवढा न्हाईस. कोनी फूस लावली तुला?"

तेवढ्यात रखमाजी पुढे आले. पागोटं काढून मला हात जोडले. मी त्यांना सांगितलं, बाबा, हात जोडू नका, चूक झाली. ते गावाकडे वळून म्हणाले, "बघा. आपल्या मानसांसमोर पोरगं असंच बोलनार. दुसरं काय बोलंल? त्येनं स्वताची नोकरी डावावर लावली, आता नाव बी नको म्हनतंय." वस्तीतल्या दोन बायांनी पदर डोळ्याला लावले.

मी ओरडलो, "मी मूर्ख आहे हो!" त्यावर तर वस्तीनं टाळ्याच वाजवल्या.

शेवटचा उपाय म्हणून मी बेबीनंदाबाईंना साक्षीला बोलावलं. म्हटलं, बाई, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना, तेव्हा मला स्वतःलाच कळलं नव्हतं, सांगा. बाई पुढे आल्या. अगदी गंभीर चेहरा. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं, नकाशात आहे ते शंभर टक्के बरोबर आहे. शिकलेला माणूस एवढ्या खात्रीनं बोलला, तर मी पामर काय बोलणार?"

झालं. सगळ्यांची खात्री पटली. बाई साध्याभोळ्या आहेत. आपल्या बोलण्याचा काय परिणाम होईल ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी त्यांच्यावर रागावलो नाही.

मग पाडायचं का ठेवायचं यावर रण माजलं. गुत्तेदार म्हणाले, "पाडा की. मी मजूर देतो. पर मार्चअखेर काम दिसलं न्हाई तर अनुदान परत जाईल, झालेला खर्चा पंचायतीकडून वसूल व्हईल, अन् शाळा शेजारच्या गावाला मिळंल." शेजारचं गाव म्हटल्याबरोबर सभेचा आवाज खाली आला. शेजारच्या गावाशी करंजवाडीचं पटत नाही.

मामांना आता उभंही राहवत नव्हतं. "ठेवा तशीच," ते म्हणाले. "पर आमची पोरं नाल्याकडून जानार न्हाईत."

सभा संपल्यावर माझ्याकडे न बघता गेले.

३१ मार्च

रविवार, पण सगळ्या कचेऱ्या उघड्या. ओव्हरसियर आले, या वेळी मोटारसायकलवरून उतरले. पत्रे बघितले, जोतं बघितलं, भिंतीला काठी मारली. "काम मजबूत आहे," म्हणाले. तोंड कुठल्या बाजूला आहे हे विचारायचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता. सही झाली.

जालन्याला परतलो. आक्कानं शिरा केला. दाजींनी माझी गादी गुंडाळून माळ्यावर ठेवली होती, ती परत खाली काढून दिली. बिचाऱ्यांनी धूळ लागू नये म्हणून ठेवली असेल.

१५ जून

अंतिम मोजमापासाठी आठवडाभर करंजवाडीला होतो. जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शाळा सुरू झाली सोमवारी. वस्तीची पोरं व्हरांड्यातून चपला काढून आत आली. गावच्या पोरांना घरून ताकीद होती, नाल्याच्या बाजूला पाय टाकायचा नाही. पण घरी बसायचीही परवानगी नव्हती. तेव्हा पोरांनी स्वतःच मार्ग काढला. गावाकडच्या खिडक्यांना अजून गज बसलेले नाहीत. पोरं खिडकीतून आत येऊ लागली. आधी पाटी आत, मग दप्तर, मग पोरगं. लहानांना मोठे ढकलतात, आतून वस्तीची पोरं हात देऊन ओढून घेतात. बाईंनी काही म्हटलं नाही. खिडकीतून आलेल्यांचीही हजेरी मांडली.

गुरुवारी शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला येणार होते. मामा नवीन फेटा बांधून हार घेऊन गावाकडच्या भिंतीपाशी उभे. अधिकारी जीपनं नाल्याकडच्या रस्त्यानं आले आणि समोर दिसेल त्या दारातून सरळ आत गेले. बाईंनी नमस्कार केला. मामा बाहेर, अधिकारी आत, मध्ये भिंत.

मामांनी खिडकीतून हार पुढे केला. अधिकारी म्हणाले, "सरपंच, तुम्ही बाहेर का? आत या ना."

मामांनी खिडकीची उंची पाहिली. ऑपरेशनला पाच महिने झाले असले तरी ती उडी त्यांना झेपणारी नव्हती. मागे गावची माणसं उभी. मी टेप हातात घेऊन कोपऱ्यात उभा होतो. मामांनी फेटा नीट केला आणि निघाले. भिंतीच्या कडेनं वळून, नाल्याच्या अंगानं, रखमाजी बसले होते त्या पायरीवरून, व्हरांड्यात. रखमाजींनी "या सरपंच" म्हटलं. मामांनी "आलो" म्हटलं. एवढंच.

आज शनिवार. सगळी पोरं दारातून येत होती. सरपंच गेले त्या वाटेनं जाऊ नको, असं पोराला कोण सांगणार? खिडकीची सवय लागलेली दोन-तीन पोरं अजून तिकडूनच येतात, पण त्यांत एक वस्तीचंही आहे. त्याला मजा वाटते म्हणून.

मी बाईंना म्हणालो, नशीब बघा, एका चुकीतून काय झालं. त्या म्हणाल्या, "हो ना. मला तर काही सुचलंच नसतं." आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ खडू शोधत राहिल्या.

२२ जुलै

पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत मुलाखत. गुत्तेदारांनी दाखला खरा लिहिला होता, आठ महिने, कामाचं नाव करंजवाडी शाळा.

निघताना दाजी स्टँडपर्यंत आले होते. हळूच म्हणाले, "विचारलं तर ठरवून केलं म्हन. सारा तालुका तेच म्हनून राह्यलाय. कोनी खोटं म्हननार न्हाई."

बसमध्ये पूर्ण वेळ तोच विचार. ठरवून म्हटलं की मी सुधारक, धाडसी माणूस. चुकून म्हटलं की गाढव.

साहेबांनी दाखला वाचला आणि चष्मा वर केला. "करंजवाडी? ती उलटी शाळा तुमची?"

"होय."

"मुद्दाम केलीत, की?"

रखमाजींचे जोडलेले हात डोळ्यांसमोर आले. ते हात खोटे ठरवायचं जिवावर आलं होतं. पण ते घेऊन नोकरीला लागायचं, हे त्याहून जिवावर आलं. "चुकून," मी म्हणालो. "नमुना पालथा ठेवला होता, साहेब."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. शिपायानं पाणी आणलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "माझ्या हाताखाली एक धरण चुकलंय, दोन पूल चुकलेत. चूक झाली म्हणणारा तू पहिला. बाकी सगळ्यांना वरून आदेश होते." मग शेजारच्या साहेबांना हळूच म्हणाले, "याला आरेखक करायला नको. रेघा मात्र चांगल्या मारतो."

५ ऑगस्ट

हुकूम आला. आरेखक नाही, अंदाजक नाही. अनुरेखक. म्हणजे दुसऱ्यानं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून घ्यायचा. नेमकं जे मला जमलं नाही तेच काम आयुष्यभर करायला दिलंय. पगारी आहे. आक्का रडली. दाजी तर इतके हेलावले की पेढे आणायला धावतच गेले.

१३ ऑगस्ट

उद्या रुजू व्हायचं. आज करंजवाडीला निरोप घ्यायला गेलो.

बेबीनंदाबाईंनी वर्गात नेलं. चौथीला भूगोलात नकाशाचा धडा आहे. त्यांनी पोरांना आपल्या शाळेचा नकाशा काढायला सांगितला होता. म्हणाल्या, "आता खरे साहेब आलेत. तुम्हीच तपासा." आणि पाट्यांचा ढीग माझ्यासमोर ठेवला.

मी जबाबदारीनं तपासायला घेतलं. पहिल्या पाटीवर गावच्या पोरानं शाळा काढली होती, दार गावाकडे. चूक. दुसऱ्या पाटीवर वस्तीच्या पोरीनं दार वस्तीकडे काढलेलं, पण इतकं जवळ, की नालाच नाहीसा झालेला. चूक. तिसऱ्याचं घर मळ्यात आहे, त्यानं दार मळ्याकडे काढलं. मामांच्या नातवानं दार त्यांच्या गोठ्याकडे काढलं होतं, आणि दारात त्यांचा बैल उभा होता. एका चिमुरडीला काहीच ठरवता आलं नसावं, तिनं चारही भिंतींना दारं काढून प्रत्येक दारातून पोरं आत येताना दाखवली होती. शाळेत भिंत म्हणून उरलीच नव्हती.

एकाही पाटीवर उत्तरेचा बाण नाही. प्रमाण नाही. दिशा तर कोणाचीच बरोबर नाही. सगळी पोरं माझ्या खडूकडे बघत होती. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीला आता गज बसलेत.

नियमानं सगळे नापास.

मी काय केलं ते इथं लिहीत नाही. उद्यापासून मी सरकारी नोकर आहे.